लोण्याचा वास

ताईचा फोन आला तेव्हा मी जेवणाचं ताट विसळत होते. 'काय गं शेपटे, आहेस की गेलीस?' असं तिचं नेहमीसारखं सुरू झालं. लहानपणी मी तिच्या मागेमागे फिरायची म्हणून मी तिची शेपूट. आता माझी सत्तरी उलटली, तिची पंच्याहत्तरी होऊन गेली, तरी ते नाव काही सुटलेलं नाही. मग तिने त्यांच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाची नक्कल करून दाखवली. तो म्हणे बायकोशी बोलावं तसा लिफ्टशी बोलतो. 'काल तर बरी होतीस, आज काय बिनसलं? बोल की. नाही बोलणार? बरं, मग मीही नाही बोलत.' आणि रुसून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसतो. जन्मभर एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर बसून कमावलेला ताईचा आवाज अजून तसाच आहे, गोल आणि गुळगुळीत. त्या आवाजात तो रुसलेला माणूस इतका खरा झाला की हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सुनेचं कौतुक केलं. चहा छान मिळतो म्हणाली, झोप छान लागते म्हणाली, आणि 'चल, ठेवते, तुझी भांडी वाळतील' म्हणून फोन ठेवला. मी पुन्हा नळाखाली हात धरला, आणि तेवढ्यात मला लोण्याचा वास आला.

घरात लोणी नव्हतं. असतं तरी मला त्याचा वास आला नसता, कारण काही वर्षांपूर्वी एका लांबलेल्या तापात माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. गॅस सुटला तर कळत नाही म्हणून भाच्याने स्वयंपाकघरात शिट्टी वाजवणारं एक यंत्र बसवून दिलंय. कांदा, साबण, पावडर, सगळं मला सारखंच. आणि तरी तो वास होता, नाकात नव्हता, नाकाच्या मागे कुठेतरी, कपाळाच्या आत: गोडसर, जाड, उबदार. मी फ्रिज उघडून पाहिला. खिडकी उघडली, समोरच्या गच्चीवर कोणी काही शिजवतंय का पाहिलं. मग ओट्याला टेकून उभी राहिले आणि ताई फोनवर काय काय बोलली ते पहिल्यापासून आठवायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या बोलण्यात तिने एकदाही किरकिर केली नाही.

ज्यांना ताई माहीत नाही त्यांना यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. ताई जात्याच आंबट. तिला चहा पाणचट लागतो, पंखा एक तर फार जोरात असतो नाहीतर फिरतच नाही, सून पोळ्या जाड करते, मुलगा बोलत नाही, बोलला तर ओरडतो, शेजारीण चांगली आहे पण तिचे पाय वाजतात. सगळं सुरळीत चाललेलं असलं की तिचा फोन म्हणजे अर्धा तास तक्रारी. मी फोन मांडीवर ठेवून भाजी निवडते आणि मधून मधून 'हो ना', 'खरंच बाई' म्हणते. असा फोन झाला की मला शांत झोप लागते. तिची गंमत, तिच्या नकला, तिचं ते माणसांना वेड लावणारं हसणं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. भाऊजी अंथरुणाला खिळले, त्यांचं अर्धं अंग गेलं, तेव्हा दोन वर्षं ताई अशी होती. त्यांना भेटायला येणारे लोक हसत हसत जिना उतरायचे, 'बाईची कमाल आहे' म्हणायचे. भाऊजी गेले, आणि काही महिन्यांनी तिने मला फोन करून सांगितलं की तुझ्याकडून आणलेली छत्री अगदीच टाकाऊ निघाली. मी तेव्हा देवाचे आभार मानले होते. पण ताईच्याही आधी आमच्या घरात असं हसणारं एक माणूस होतं. ती आमची आई, आणि तिच्या हसण्याच्या शेवटी ती मेली.

डेअरीच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले तेव्हा आईला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तळघरातली लांबट खोली, भिंतीला लागून इन्क्युबेटर, काचेच्या कपाटात विरजणाचे फ्लास्क, प्रत्येकाच्या तोंडाशी कापसाचं बूच. लोण्यासाठी जे विरजण लागतं ते जिवंत ठेवायचं, रोज ताज्या दुधात थोडं थोडं लावून पुढे चालवायचं, त्याला मरू द्यायचं नाही, हे आमचं काम. आमच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. त्या अंगाने एवढ्याशा होत्या, पांढऱ्या कोटाची उजवी बाही बर्नरने जळलेली, आणि तो कोट त्या बदलायच्या नाहीत. सकाळी आल्या की एकेका फ्लास्कचं बूच ज्योतीशेजारी काढून डोळे मिटून वास घ्यायच्या. एके दिवशी एका फ्लास्कमधून असा काही वास आला की आम्ही तिघी मुली आपापली कामं टाकून तिथे गोळा झालो. लोण्याचा वास, पण लोण्यालाही कधी येत नाही इतका. मी म्हटलं, 'बाई, काय सुंदर!' त्यांनी बूच परत बसवलं. 'सुंदर कसलं? घाबरलीय ती,' त्या म्हणाल्या. विरजणाला त्या नेहमी 'ती' म्हणायच्या. आम्ही फिदीफिदी हसलो. त्या रागावल्या नाहीत, पण संध्याकाळी मला थांबवून घेतलं आणि फळ्यावर काढून दाखवलं.

ते मी नंतर अनेक वर्षं इतरांना शिकवलं, त्यामुळे आता झोपेतही सांगता येतं. हे जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. आंबवणं म्हणजे तेच, ते त्यांचं रोजचं जगणं. पण आम्ल साठत जातं आणि जिच्यात राहायचं ती जागाच हळूहळू जिवावर उठते. बाहेरून कोणी काही केलेलं नसतं. आत पेशीतले एन्झाइम, पुस्तकात त्यांना विकरं म्हणतात, ठरावीक घडीचे असतात. आम्ल वाढलं, उष्णता वाढली, की त्यांच्या घड्या सुटायला लागतात. मग पेशी काय काय करते. घड्या धरून ठेवणारी वेगळी प्रथिनं बनवते, आम्ही त्यांना पाठराखिणी म्हणायचो. आत शिरलेलं आम्ल बाहेर फेकणारे पंप जोरात चालवते. आणि आमच्या त्या जातीच्या विरजणात आणखी एक दार होतं, एरवी जवळजवळ बंद असणारं. आम्ल वाढलं की ते उघडायचं आणि दुधातलं सायट्रेट आत यायचं. ते मोडणारे एन्झाइम कामाला लागायचे. त्या मोडण्यात थोडं आम्ल खर्ची पडतं, पेशीला जरा श्वास घेण्यापुरती जागा होते. आणि त्या सगळ्या धडपडीतून जे उरतं, बाहेर पडतं, त्याला तो वास असतो. लोक पावाला लावून खातात आणि म्हणतात, काय ताजं लोणी आहे. मोठ्या बाईंनी फळा पुसता पुसता सांगितलं, 'आणि हे कायम टिकत नाही हं. थोड्या वेळाने दुसरं एक एन्झाइम तो वासही मोडून टाकतं. मग कशाचाच वास येत नाही. तोवर पोचायचं आपण.' त्या सहज बोलल्या. मी मात्र बसथांब्यावर आले आणि बस आली तरी चढले नाही. मला आईची पुढची खोली दिसत होती.

आई टायपिंगचा वर्ग घ्यायची. पुढच्या खोलीत सहा यंत्रं, मागच्या खोलीत आम्ही. सकाळ-संध्याकाळ मुली यायच्या आणि घरभर ती टकटक चालायची. आम्हाला तिची इतकी सवय की आम्ही तिच्यावरून वरच्या आवाजात बोलायचो. आई कडक होती. बोटं चुकीच्या अक्षरावर पडली की मागे उभी राहून नुसती 'हं' म्हणायची आणि मुली रडकुंडीला यायच्या. ती हसायला लागली त्या हिवाळ्यात मी नऊ वर्षांची होते. आधी घरमालकाच्या खोकल्याची नक्कल केली, मग बाबा डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा कसा शोधतात त्याची. मग वर्गातच सुरू झालं. टकटक चालू असायची, आणि एकदम सगळी यंत्रं थांबायची. एक क्षण काहीच नाही. मग हशा. आजही कुठे सतत चाललेला आवाज अचानक बंद पडला, पंखा, पंप, रस्त्यावरचं यंत्र, की मी हशाची वाट बघते. शेजारणी निमित्त काढून यायला लागल्या. बाबा तर खूश. ते अबोल माणूस, पण येईल त्याला सांगायचे, 'आजकाल घर कसं भरल्यासारखं वाटतं.' मलाही ती आई फार आवडली होती, हे मी लपवत नाही. ती मला मांडीवर घेत नव्हती, पण हसवत होती. आणि मांडीवर का घेत नाही हे मला कळलं नाही, तिच्या छातीत गाठ फुटलेली होती आणि ती त्यावर जुनी फडकी बांधून वावरत होती, हे कोणालाच कळलं नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं समजत होते. ती अंथरुणाला लागली तेव्हा हसणं थांबलं होतं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती गेल्यावर लोक आले ते तिचे विनोदच सांगत होते. सांगता सांगता हसत होते आणि मग रडत होते. मला आता त्या सगळ्या आठवणीला लोण्याचा वास येतो. तेव्हा तो नव्हता हे मला पक्कं ठाऊक आहे, तो वास मी पहिल्यांदा घेतला तो डेअरीत. पण वास मागे मागे गेला आणि त्या खोलीत जाऊन बसला, सहा यंत्रांच्या मधे, आणि आता तिथून उठत नाही.

मी भाच्याला फोन लावला. तो ऑफिसात होता. 'आई कशी आहे रे?' 'मस्त! अगं मावशी, तू विश्वास ठेवणार नाहीस, काल तिने आमच्या साहेबांची नक्कल केली, एकदा फोनवर ऐकलेला त्यांचा आवाज, तंतोतंत! मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.' मी म्हटलं, 'जेवते का?' 'थोडं कमी. पण मूड बघ ना तिचा!' 'तिला डॉक्टरकडे घेऊन जा.' तो म्हणाला, 'काय म्हणून सांगू डॉक्टरला? आई हसतेय म्हणून? मावशी, तुझं ना अवघड आहे. ती कुरकुरली तरी तुला काळजी, हसली तरी काळजी.' त्याचं काही चुकलं नव्हतं. मी तरी काय सांगणार होते? कुरकुरल्यावर मला कधीच काळजी वाटली नाही, एवढंसुद्धा फोनवर नीट सांगता आलं नसतं. मी पर्स घेतली, गुडघ्याचा पट्टा बांधला आणि बसथांब्यावर गेले.

भर दुपारची बस अर्धी रिकामी होती. मी खिडकीशी बसले आणि स्वतःला समजावत राहिले. म्हाताऱ्या माणसाला एखाद्या दिवशी बरं वाटू नये का? सून खरंच चहा चांगला करायला लागली असेल. ताईचा स्वभाव या वयात निवळला असेल, निवळतात माणसं. मी जन्मभर फ्लास्कमध्ये डोळे घालून बसलेली बाई, मला माणसंसुद्धा दुधात पोहताना दिसतात. पण मग मला राजेसाहेब आठवले. ते आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक. चालायचे असे की मागे कोणीतरी चवरी ढाळतंय, म्हणून राजेसाहेब. एकदा इन्क्युबेटर बिघडला आणि एक फ्लास्क नको तितका वेळ उबेत राहिला. ते नेमके त्या वेळी आत आले, वास घेतला आणि जागच्या जागी थबकले. 'हेच! मला रोज हेच पाहिजे.' मोठ्या बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. राजेसाहेबांनी हुकूम काढला की पुढचं विरजण याच फ्लास्कमधून लावायचं, आणि प्रत्येक वेळी असंच जास्त वेळ ठेवायचं. पहिल्या टाकीचं लोणी असं झालं की लोकांनी पेढीवर रांगा लावल्या. दुसऱ्याही टाकीला वास होता. तिसऱ्या वेळी दूध लागलंच नाही. सकाळी झाकण उघडलं तर दूध आपलं दूधच, पातळ, पांढरं, त्यात आमचे चेहरे दिसत होते. राजेसाहेब टाकीवर वाकून पुन्हा पुन्हा म्हणत होते, 'पण वास तर होता! काल तर वास होता!' मोठ्या बाईंनी कोटाच्या जळक्या बाहीने टाकीच्या काठावरचं पाणी पुसलं, एवढंच. टाकीतलं ते स्तब्ध दूध मला बसच्या खिडकीत दिसत राहिलं. बाहेर दुकानं सरकत होती, एक बाई फुटपाथवर मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती, आणि बस सिग्नलला थांबली तशी इंजिन बंद पडलं. एकदम शांतता झाली. मी सीटचा दांडा घट्ट धरला. पाठीमागे कोणीतरी दोघी हसल्या. मी वळून पाहिलं तर शाळेतल्या मुली होत्या, पण वळून पाहीपर्यंतचा तो क्षण माझा नव्हता, आईचा होता.

आईचं दुखणं ताईला माहीत होतं. हे तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं, भाऊजी गेल्यानंतर, दोघी मटार सोलत बसलो होतो तेव्हा. त्या हिवाळ्यात ती चौदा वर्षांची होती. तिने मोरीत भिजत घातलेली फडकी पाहिली होती. आईने तिला जवळ ओढलं, तिच्या नाकाला चिमटा काढला आणि म्हणाली, 'कोणाला बोललीस तर सगळ्या वर्गासमोर तुझ्या चालण्याची नक्कल करीन.' आणि लगेच, तिथल्या तिथे मोरीत, करून दाखवली. ताई हसली. 'काय करणार गं, इतकी हुबेहूब होती,' ती मला म्हणाली, आणि एक शेंग फोडून रिकामी निघाली म्हणून मटारवाल्याला शिव्या दिल्या. मला तेव्हा तिला मिठी मारायची होती. पण ताईला मिठी मारली तर ती म्हणणार, घाम आलाय मला, बाजूला हो. चौदा वर्षांच्या मुलीने आईकडून काय काय घेतलं असेल! आवाज घेतला, नकला घेतल्या, आणि ते दारही घेतलं, एरवी बंद असणारं. बस तिच्या थांब्याशी आली तेव्हा मला एकाच गोष्टीची भीती होती, की वास येऊन किती दिवस झाले कोण जाणे, आणि मी पोचेपर्यंत तो मोडून गेलेला असेल.

लिफ्ट चालू होती. दाराबाहेर उभी राहिले आणि बेल दाबणार तोच आतून हसू ऐकू आलं. ते ताईचं नव्हतं. ते शेवटाला जरा चिरकणारं, श्वास आत ओढून पुन्हा सुरू होणारं आईचं हसू मी साठ वर्षांपेक्षा जास्त काळ ऐकलं नव्हतं. माझं बोट बेलवर तसंच दाबलं गेलं. सुनेने दार उघडलं, तिच्या डोळ्यांत हसून पाणी आलेलं. 'अय्या मावशी! अशा अचानक? या ना, बघा आई काय करतायत.' ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. 'आली,' ती म्हणाली, 'शेपूट आली. आता मला पाठीवरच्या माश्या हाकलता येतील.' सून पुन्हा हसली. ताई बारीक झाली होती. सुनेला रोज बघून ते दिसलं नसेल. केस नीट विंचरलेले, पावडर लावलेली, आणि उजवा हात कोपरापासून अंगाला चिकटवून धरलेला, काखेत थर्मामीटर ठेवल्यासारखा. चहा आला तो तिने डाव्या हाताने घेतला. बोर्डावर तीस वर्षं उजव्या हाताने तारा खोचणारी ताई. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, 'वा, अमृत.' मी माझा चहा प्यायले. पाणचट होता.

मी सुनेला म्हटलं, 'तू जरा आम्हा दोघींना बसू दे गं.' ती बिचारी लगेच उठली. दार लागलं तशी ताई म्हणाली, 'काय, इस्टेट वाटायची आहे का? माझा कंगवा तुला, कवळी मी नेणार.' माझ्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि मी ते तिथेच दाबून धरलं. हसू नये हे मी येतानाच ठरवलं होतं, पण ते एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. हसणं ही काही माझ्या हातातली गोष्ट नव्हती, ती मी नऊ वर्षांची असल्यापासून माझ्या अंगात बसलेली होती. तिने मग वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं सांगितलं, तो मांजराला औषध द्यायला जातो आणि स्वतःच घेऊन येतो. मांजर कसं बघतं, म्हातारा कसा गिळतो, सगळं चेहऱ्यावर. मी भिंतीकडे बघत राहिले. 'हस की गं,' ती म्हणाली. 'नाही हसणार.' 'बरं जमलं नाही का? थांब, पुन्हा करते.' तिने पुन्हा केलं. या वेळी मांजर नीट झालं नाही. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि म्हातारा औषधाची बाटली उघडतो तिथेच तिचा आवाज थांबला. खोलीत एकदम काहीच उरलं नाही. मी हशाची वाट पाहिली, सवयीने, आणि तो आला नाही.

'कुत्र्यासारखी हुंगतेस काय मला?' ती म्हणाली.

'मला वास येत नाही ताई, माहितेय तुला.'

'मग कशाला आलीस एवढ्या उन्हाची?'

'तू फोनवर किरकिर केली नाहीस.'

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं, आणि खाली जो चेहरा निघाला तो मी कधी पाहिला नव्हता. तो आंबट नव्हता, हसरा नव्हता, कोणाची नक्कल नव्हता. एक थकलेली बाई होती, भेदरलेली. 'कडी लावली का?' तिने विचारलं. मी कडी लावली. मग तिने डाव्या हाताने एक एक बटण काढलं. तिला वेळ लागला, मी मदत केली नाही, करू दिली नसती. आत इस्त्री केलेले मोठे रुमाल होते, चौकोनी घड्या करून एकावर एक ठेवलेले, नीटनेटके. तिने वरचे दोन उचलले. मी पाहिलं. वास येत नाही याचं मला त्या क्षणी वाईट वाटलं की बरं वाटलं, मला सांगता येणार नाही. मला एवढंच दिसलं की खालचा, अंगाला लागलेला रुमाल अजून बराचसा कोरडा होता, आणि मी त्या कोरड्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिले.

'कोणाला बोललीस ना,' ताई म्हणाली, 'तर तुझी…' आणि तिला पुढचं येईना. ओठ हलले, मान थोडी वाकडी झाली, माझी चाल ती खुर्चीत बसल्या बसल्या दाखवू बघत होती बहुतेक. ते झालं नाही. मी उठले, तिची बटणं लावली, कडी काढली आणि सुनेला हाक मारली.

'चोंबडी!' ताई ओरडली. 'जन्माची चोंबडी! म्हणून तुला कोणी काही सांगत नाही.' सून धावत आली. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून फक्त 'पण आई तर…' एवढंच निघालं. 'आई तर काय?' ताई तिच्यावर उखडली. 'नुसती खिदळत बसतेस. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. महिनाभर पितेय मी ते गटार.' सुनेचे डोळे भरले. मला तिला म्हणायचं होतं, भरू देऊ नकोस गं, आता नीट चाललंय, पण ते तिला त्या क्षणी कसं पटावं? भाच्याला फोन केला. तो काहीतरी विचारत राहिला, ताईने माझ्या हातून फोन ओढून त्याला सांगितलं की तुला पोटच्या आईपेक्षा साहेबाचा आवाज जास्त ओळखीचा आहे. टॅक्सीत ती सगळा रस्ता भांडत होती. टॅक्सीवाला खड्डे शोधून शोधून चालवतो. सीट टोचते. माझी पर्स तिच्या मांडीला लागते. एवढी घाई होती तर सकाळीच का नाही आलीस? आणि मधेच, त्याच सुरात, खिडकीकडे तोंड करून, 'दुखतंय गं. फार दुखतंय.' मी 'हो ना' म्हटलं. मी 'खरंच बाई' म्हटलं आणि तिला चिकटून बसले. तिने बाजूला हो म्हणून सांगितलं नाही.

डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली झोप राहिलेली, हाताला जंतुनाशक चोळत आत आली. 'बसा आजी. काय होतंय?' ताई आधीच बसलेली होती. तिने पाठ सरळ केली, आणि मी ऐकलं, तिने आवाज लावला. तो गोल, गुळगुळीत, दूरवरून येणारा आवाज. 'आधी तुम्ही सांगा डॉक्टर, तुमचं वय काय? नाही म्हणजे, माझ्या चपला तुमच्यापेक्षा जुन्या आहेत, त्यांनाच विचारलं असतं.' डॉक्टरचा थकलेला चेहरा एकदम उमलला. किती छान दिसली ती, किती लहान. तिचं तोंड हसण्यासाठी उघडलं.

'हसू नका,' मी म्हणाले.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, मग ताईच्या त्या अंगाला चिकटवलेल्या कोपराकडे. तिने खुर्ची पुढे ओढली, हसू कुठेतरी ठेवून दिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, 'किती दिवस झाले आजी?'

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. जो आवाज आला तो बोर्डावरचा नव्हता, आईचाही नव्हता. जरा घोगरा, साधा, कशाचाच वास नसलेला.

'उन्हाळ्यापासून,' ती म्हणाली.